हेमलता आपलं परत आणते

श्रीरंगने डबा रिकामा परत पाठवला, त्याच दुपारी हेमलता पोवई नाक्यावरून चालत भावाच्या घरी गेली आणि त्याच्या स्वयंपाकघरातलं उकळणं उचलून घेऊन आली.

रिकामा डबा! अहो, आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, तीही नसली तर दोन हिरव्या मिरच्या. हा तर सख्ख्या बहिणीचा डबा. घासूनपुसून, कोरडा करून, झाकण घट्ट लावून पाठवलेला. हेमलताने झाकण काढलं, बोट फिरवून पाहिलं, उपडा करून आपटला. साखरेचा एक कण पडला नाही.

हेमलता कारखानीस साताऱ्यात मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. श्रीरंग तिचा धाकटा भाऊ, थरारक कादंबऱ्या लिहिणारा. त्याच्या कादंबऱ्यांत विज्ञान ठासून भरलेलं असायचं. बॉयलर का फुटला, धरणाच्या भिंतीला तडा कसा गेला, लिफ्ट कोसळताना आतल्या माणसाचं काय होतं. आणि या श्रीरंगला घरातला फ्यूज बदलता येत नव्हता! सगळं विज्ञान जायचं हेमलताकडून, स्टीलच्या तीन पुडांच्या डब्यातून. सकाळी उठून ती ते तयार करायची, गरम असतानाच भरायची. खालच्या पुडात वजन, मधल्यात उष्णता, वरच्यात प्रकाश, कारण प्रकाश दबला की नासतो. श्रीरंग एकेक काढून कादंबरीत घालायचा आणि डब्यात कंदी पेढे, नाहीतर परसातल्या शेवग्याच्या शेंगा घालून परत पाठवायचा. पुस्तकावर नाव एकट्या त्याचं. हेमलता त्यावर कधी चकार शब्द बोलली नाही. घरातलंच आहे, म्हणायची.

मग प्रकाशकाने श्रीरंगला सांगितलं, की लोकांना आता भुतं हवीत. करून करून भागला आणि देवपूजेला लागला म्हणतात, तसा हा विज्ञान सोडून भुतांच्या मागे लागला. लागला तर लागला बापडा. लिहिणाऱ्याने काय लिहावं हे बहिणीने सांगू नये, एवढी समज हेमलताला होती. पण रविवारच्या पुरवणीत त्याची मुलाखत आली. विज्ञान का सोडलंत, असं विचारल्यावर हे महाशय म्हणतात, "इतकी वर्षं मी एका मास्तरणीच्या फळ्यावर लिहीत होतो. तो फळा पुसला, तेव्हा कुठे लेखक झालो."

एका मास्तरणीच्या! नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती का रे तुझी? हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि ती पुरवणी हातात असतानाच तो डबा आला.

"माझं मला परत हवं," ती डब्याला म्हणाली, आणि तिने चपला घातल्या.

श्रीरंगची बायको विभावरी गॅसवर दूध ठेवून उभी होती. "या वन्सं," ती म्हणाली. "बसा."

"बसायला नाही आले." हेमलताने सांडशी उचलली. पातेल्याच्या कडेला उकळणं नुकतं वर येत होतं. तिथेच तिने ते पकडलं आणि हलक्या हाताने सोडवलं. सायीसारखं अखंड निघालं. ते तिने डब्याच्या मधल्या पुडात घातलं आणि कडी लावली. दूध खाली बसलं ते बसलंच.

"काय नेताय?"

"उकळणं. बॉयलरच्या कादंबरीला दिलं होतं."

"अगंबाई. मग चहा?"

"चहा आता होणार नाही."

विभावरीने गॅस बंद केला. मग ती कुंकवाचा करंडा घेऊन आली, कारण बाईमाणसाने घरातून तसंच जाऊ नये. हेमलताने कपाळ पुढे केलं. तिचं भांडण भावाशी होतं, विभाशी नव्हतं.

घरी येऊन तिने डबा ओट्यावर ठेवला, तर माठातलं पाणी खदखदायला लागलं. साहजिकच आहे, घरात आता उकळणं दोघांचं झालं. हेमलता पेलाभर कढत पाणी फुंकून फुंकून प्यायली आणि तिला फार दिवसांनी बरं वाटलं. पी मेल्या थंडगार चहा, ती म्हणाली. बघ कसा नाक घासत येतोस. तिला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. त्याने यावं आणि चार लोकांत एकदा सांगावं, की हे माझ्या ताईचं, हेमलताचं. बस. ती सगळं परत द्यायला तयार होती.

श्रीरंग आला नाही. दिवाळी अंक आला. अंकात श्रीरंगची कथा होती: एका घरात काही केल्या दूध उकळत नाही, कारण चुलीत कुणाचा तरी आत्मा येऊन बसलाय. वाचनालयात त्या अंकासाठी बायकांची भांडणं झाली. कथा वाचून लोक म्हणे सकाळी गॅस पेटवण्याआधी हात जोडायला लागले. हेमलताने ती कथा उभ्याने वाचून काढली. दूध तेच होतं, पातेलं तेच होतं, सांडशीसुद्धा तीच होती. सांडशी धरणारा हात मात्र कथेत कुणाचाच नव्हता.

"अस्सं," हेमलता म्हणाली, आणि पुन्हा चपला घातल्या.

या खेपेला तिने आरशातलं नेलं. श्रीरंग आरशापुढे दाढी करत होता. तिने आरशाच्या कोपऱ्यात नख घातलं, प्रतिबिंबाची कड उचलली आणि चटई गुंडाळावी तसं ते गुंडाळायला घेतलं.

"ताई, जरा थांब," श्रीरंग म्हणाला. "एका गालाची राहिलीय."

"राहू दे."

ती गुंडाळी काखेत मारून निघून गेली. पुढच्या कादंबरीत आरशात न दिसणारा माणूस आला, आणि मागच्या कव्हरवर लेखकाचा एका गालाची दाढी वाढवलेला फोटो. ती कसली तरी साधना आहे, असं वाचकांनी आपलं आपणच ठरवलं. दुकानांत गठ्ठेच्या गठ्ठे संपले.

मग तिने घर्षण आणलं. ते फार निघालं, पोतं लागलं. श्रीरंगच्या तळव्यांखालचं, बोटांच्या पेरांवरचं, पाठ आणि खुर्ची यांच्या मधलं, सगळं खरवडून भरलं. विभावरीच्या घर्षणाला तिने हात लावला नाही, दुसऱ्याचं उचलणारी ती नव्हे. त्या दिवसापासून श्रीरंगच्या हातात पेन ठरेना, सदऱ्याचं बटण राहीना, पाय तर जमिनीवर टेकले की निघालेच. हेमलताला वाटलं, मोडला एकदाचा. आता लिही पाहू. पण त्याला झोपाळ्यावर उशांमध्ये दाबून बसवलं की तोंड चालत होतं. तो सांगायचा, विभावरी लिहायची. "अधांतरी पाय" नावाची कादंबरी विभावरीच्या अक्षरात तयार झाली आणि आधीच्या कादंबरीपेक्षा जास्त खपली.

इकडे हेमलताचे हाल कुत्रा खाईना. घर्षण घरात दुप्पट झालेलं. सकाळी दार ढकलायला घेतलं तर उघडेपर्यंत जेवणाची वेळ व्हायची. कंगवा केसांत रुतून बसायचा. बोलायला गेलं तर शब्द घशाला घासत यायचा. आरशात दोन हेमलता दिसायच्या. पुढची वेणी घालायची, मागची नुसती हात बांधून तिच्याकडे बघायची. भिंती एकमेकींना धरून ओढायला लागल्या आणि बाहेरची खोली रोज थोडी अरुंद व्हायला लागली. पलंग उभा करून ठेवावा लागला. हेमलता त्याला टेकून झोपू लागली.

आणि टेकल्या टेकल्या तिला कळलं, की पुरवठा अजून तिचाच चालू आहे. आधी देऊन चालला होता, आता नेऊन. कळलं हो तिला, न कळायला ती काय दूधखुळी होती? पण राग असा असतो, की कळलेलं त्याला ऐकू जात नाही. ती पोटभर रडली आणि मग निघाली.

श्रीरंग झोपाळ्यावर होता. तिला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"ये ताई, ये. वाटच बघत होतो. नव्या कादंबरीला काही म्हणता काही सुचत नाहीये. आज काय नेतेस?"

हेमलता दारातच थांबली. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दुधापासून."

"आणि तू गप्प बसलास."

"तू आपण होऊन करत होतीस. चांगलं चाललेलं कशाला मोडायचं?" तो उशांमध्ये नीट सरकून बसला. "गुरुत्वाकर्षण राहिलंय बघ माझ्याकडे. लिफ्टच्या कादंबरीचं. ते ने. त्याचं फार छान होईल."

"माझं नाव घाल," हेमलता म्हणाली. शब्द घासत, सोलवटत बाहेर आला. "कुठेही घाल. आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. पण घाल."

"भुतांच्या पुस्तकावर शाळेतल्या बाईचं नाव? लोक हसतील, ताई."

"हसू देत."

"आणि खरं सांगू का? राग मानू नकोस. पाणी उकळतं, वस्तू खाली पडते, हे नववीच्या पुस्तकात असतं. त्यात तुझं असं काय होतं?"

विभावरी वही घेऊन शेजारी बसली होती. तिने पेन खाली ठेवलं. "अहो, घाला की वन्संचं नाव. तुमचं काय जातंय? शाई तर मी घालते."

"तू मी सांगतो तेवढं लिही."

हेमलताचे डोळे भरले. या माणसापुढे डोळे भरले याचाच तिला इतका संताप आला, की त्या संतापात ती पुढे झाली, खाली वाकली आणि झोपाळ्यावरच्या गादीखाली तिने हात घातला. श्रीरंगचं वजन तिथे साठलेलं होतं, उबदार आणि गच्च. तिने दोन्ही हातांनी ते ओढून काढलं, कापडी पिशवीत कोंबलं आणि बंदांची गाठ मारली. श्रीरंग झोपाळ्यावरून सावकाश वर उठला. डोकं छताला टेकल्यावर थांबला.

"वा!" तो वरून म्हणाला. "विभा, लिही."

विभावरीने लिहिलं नाही. तिने दोरीवरची साडी ओढली, एक टोक त्याच्या घोट्याला बांधलं, दुसरं झोपाळ्याच्या कडीला. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "कुंकू लावू का?" पण हेमलता निघाली होती.

श्रीरंगला "भयसम्राट" ही पदवी द्यायचं ठरलं. गावातल्या सभागृहात, रविवारी सकाळी, अल्पोपाहारासहित. हेमलताला आमंत्रण नव्हतं. ती पिशवी खांद्याला लावून चालत गेली. रिक्षावाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा आपल्या चाकांकडे पाहिलं आणि हात जोडले. तिच्या अंगात आता तिचं वजन होतं आणि खांद्यावर त्याचं. डांबरात तिची पावलं उमटत गेली. सभागृहात ती शेवटच्या रांगेत बसली. खुर्ची मोडली नाही, पण खुर्चीखालची फरशी थोडी खाली गेली आणि पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्या माणसांसकट वीतभर मागे घसरल्या. त्या माणसांनी वळून पाहिलं नाही. सगळ्यांच्या माना वर होत्या.

श्रीरंग वर होता. रेशमी झब्बा, एका गालाला दाढी, पाठ छताला. विभावरीने साडीचं टोक सोडून दिलं होतं, कारण आयोजकांनी तशी विनंती केली होती. पंखे बंद ठेवले होते. शाल त्याला आंबे उतरवायच्या काठीला अडकवून दिली गेली. नारळही तसाच द्यायला गेले, तो तीनदा खाली पडला, शेवटी नारळ टेबलावर ठेवून त्याला नुसता दाखवला. लोक टाळ्या वाजवत होते. म्हाताऱ्या बायका कानशिलांवर बोटं मोडत होत्या.

"विज्ञानाने मला जमिनीला बांधून ठेवलं होतं," श्रीरंग वरून बोलू लागला. "ते सुटलं आणि..."

"कुणी सोडवलं?" हेमलता ओरडली.

शब्द इतक्या जोरात घासत आला, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. श्रीरंगने खाली पाहिलं. त्याला आधी ताई दिसली, मग तिच्या मांडीवरची पिशवी आणि गाठीवरचा तिचा हात. आपण किती उंचावर आहोत आणि खाली काय आहे, हे त्याने एकदा नीट पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ताई," तो म्हणाला. "ताई, तुझ्या मांडीवर ते..."

"कुणाचं होतं सगळं? सांग."

विभावरी पहिल्या रांगेतून उठून उभी राहिली. श्रीरंग छताला तळवे लावून मागे सरकू पाहत होता, पण त्याच्या तळव्यांना काही धरवत नव्हतं.

"हेमलताचं," तो म्हणाला. मग त्याचा धीरच सुटला आणि तो ओरडायला लागला. "सगळं हेमलताचं! उकळणं तिचं, आरसा तिचा, सगळी पुस्तकं तिची! मी काही केलं नाही. मला नुसतं लिहिता येत होतं. हेमलताचं आहे सगळं!"

इतकी वर्षं! इतकी वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. हेमलताचा हात गाठीवरून बाजूला झाला. तिच्या घशातला सगळा खरखरीतपणा विरघळून गेला, आणि घरी जाऊन सगळं पुन्हा डब्यात भरायचं, असं तिच्या मनातसुद्धा आलं.

तेवढ्यात निवेदक ध्वनिक्षेपकाकडे धावला. "रसिकहो! ऐकलंत? इतकी वर्षं ज्या शक्तीने आपल्या भयसम्राटाचा हात धरून लिहून घेतलं, तिचं नाव आज प्रथमच उच्चारलं जातंय! हेमलता!"

"हेमलता!" सभागृह म्हणालं.

लोकांच्या अंगावर काटा आला. आयांनी मुलांना मांडीवर ओढलं. कुणीतरी पुन्हा नाव घेतलं, मग दहा जणांनी, मग सगळ्यांनी. एका बाईच्या अंगात आलं आणि ती केस सोडून घुमायला लागली. "हेमलता! हेमलता!"

"अहो, मी आहे हेमलता!" ती म्हणाली. "मी शिकवायचे इथे, मुलींच्या शाळेत. पदार्थविज्ञान. अहो, याची बहीण मी!"

पुढच्या रांगेतली बाई वळली. ती तिची विद्यार्थिनी होती, हेमलताने तिला ओळखलं. वर्गात पहिल्या बाकावर बसायची, घंटा झाली तरी शंका संपायच्या नाहीत.

"माधुरी," हेमलता म्हणाली. "तू तरी सांग यांना."

माधुरीने तिच्याकडे पाहिलं. मग डोळे गच्च मिटले, पर्समधून एक लिंबू काढलं, ते हेमलताच्या पायाशी ठेवलं आणि पाठ न दाखवता मागे मागे सरकत गेली.

वर श्रीरंगच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. तो खालचा जयघोष ऐकत होता. मुरलेला लेखक तो, त्याला गोष्ट लगेच कळली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. त्याने दोन्ही हात पसरले आणि डोळे अर्धे मिटून, घोगऱ्या आवाजात, सगळ्या सभागृहासाठी तो म्हणाला, "हेमलता, मी तुझं नाव घेतलंय. आता शांत हो." आणि मग नुसते ओठ हलवून, फक्त तिला कळेल असं, "झालं ना ताई तुझ्या मनासारखं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "वन्सं," विभावरी पहिल्या रांगेतून म्हणाली, पण त्या गजरात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

हेमलताच्या खुर्चीखालची फरशी आणखी खाली गेली. तिच्या अंगातला राग आता कुणाचाही शब्द ऐकणारा राहिला नव्हता, त्याचंही वजन होतं. टाळ्या वाजवायला उठलेल्या लोकांच्या रिकाम्या खुर्च्या तिच्याकडे घसरत आल्या, त्यांच्या मागून टेबल, टेबलावरचा नारळ, हारांची परडी. सगळं सभागृह तिच्या बाजूला उतरतं झालं, आणि छताला टेकलेला श्रीरंगही हात पसरलेल्या अवस्थेत तिच्याकडे सरकत सरकत बरोबर तिच्या डोक्यावर येऊन थांबला. तो अजून हसत होता.

इतक्या उंचीवरून वस्तू किती वेळात खाली येते, हे गणित हेमलताने आयुष्यभर फळ्यावर सोडवून दाखवलं होतं. वस्तू कोणती आहे, यावर उत्तर अवलंबून नसतं, हेही ती मुलींना दरवर्षी बजावून सांगायची.

तिने गाठ सोडली. पिशवी एकदम चपटी झाली. तिच्या मांडीवरच्या फिक्या पदरावर एक लहानशी सावली पडली, हात पसरलेली, आणि ती मोठी होऊ लागली. हेमलता बसली होती तिथेच बसून राहिली.